गाणं लावायला टीव्ही कशाला?

पत्र : नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. पूर्व भागातलं जुनं घर सोडून वर्षापूर्वी फ्लॅटमध्ये आलो. सासऱ्यांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर (वय ८१), अडीचशेच्या आसपास सीडी आल्या आहेत. अभंग, नाट्यगीतं, शास्त्रीय मैफली, थोडी तेलुगू भजनं. शिवाय नाटकांच्या तीसेक व्हीसीडी, सिनेमांच्या डीव्हीडी आणि मुलाने अमेरिकेहून येताना आणलेल्या आठ ब्लू-रे. अण्णांचा सीडी प्लेअर हल्ली काहीही घातलं तरी 'नो डिस्क' म्हणतो. ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर मात्र ठणठणीत आहेत. टीव्ही ५५ इंची, नवा. मुलगा पुण्याहून सांगतो, "एकच ब्लू-रे प्लेअर घ्या, त्यात सगळं चालतं, जुनं भंगारात द्या." ह्यांचं म्हणणं, "एक ना धड, भाराभर चिंध्या. गाण्याचं वेगळं आणि सिनेमाचं वेगळं हवं, आवाजात फरक पडतो." वीस हजारांच्या आत बसवायचं आहे. कोणाचं ऐकू?
एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, पत्र दोनदा वाचलं. चिरंजीवांचं मत कळलं, यजमानांचं कळलं. अण्णांचं मत कुठे सापडेना. सीडी त्यांच्या, बंद पडलेला प्लेअर त्यांचा, आणि पंचायत बसलीय बाकीच्यांची! तेव्हा आधी अण्णांना विचारा, "गाणी कधी ऐकता, आणि लावून कोण देतं?"

उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे. पहाटे पाच-साडेपाच. घर झोपलेलं. अण्णा उठतात, चूळ भरतात, अभंगाची सीडी घालतात, आवाज बारीक ठेवतात आणि डोळे मिटून बसतात. आता हेच मुलाच्या योजनेत कसं होईल बघा. आधी टीव्ही चालू करायचा. हल्लीचा टीव्ही चालू झाला की पहिल्यांदा स्वतःचीच जाहिरात करतो, ती होऊ द्यायची. त्याच्या रिमोटवर 'एचडीएमआय टू' शोधायचं. मग दुसरा रिमोट घेऊन प्लेअर उठवायचा. ब्लू-रे प्लेअर म्हणजे आतून लहानसा कॉम्प्युटरच, त्याला जागं व्हायला वेळ लागतो. जागा झाला की आत घातलेलं सीडी आहे, डीव्हीडी आहे की ब्लू-रे, हे चाचपून बघतो. एवढ्यात अंधाऱ्या हॉलमध्ये ५५ इंचांचा लख्ख उजेड पडलेला, त्यावर बारीक अक्षरांत 'ट्रॅक १, ट्रॅक २', आणि अण्णांचा चष्मा आतल्या खोलीत. दोन दिवस ते हा खटाटोप करतील. तिसऱ्या दिवशी म्हणतील, "राहू दे गं, रेडिओ बरा."

म्हणून 'एक घ्यावं की दोन' असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो : टीव्ही बंद ठेवून गाणं लागतं का? लागत असेल तर एकाच यंत्रावर खुशाल भागवा. लागत नसेल तर ते यंत्र कितीही महागाचं असो, गाण्याच्या उपयोगाचं नाही. पाणी येतं त्या दिवशी भांडी-बादल्या भरता भरता तुम्हालाही गाणं हवं असेलच की. त्यासाठी कोणी टीव्ही लावून ठेवत नाही.

तुमच्या घरापुरता माझा निकाल असा. जुना सीडी प्लेअर भंगारात देऊ नका, दुरुस्तीला न्या. नाटक-सिनेमांसाठी साधा डीव्हीडी प्लेअर घ्या, मागे एचडीएमआय (टीव्हीला चित्र नेणारं भोक) असलेला आणि आवाजाची लाल-पांढरी भोकंही असलेला. ब्लू-रे आत्ता नको. वीस हजारांतले बरेच पैसे वाचतील. म्हणजे यंत्रं दोन झाली, पण विकत एकच घ्यायचं.

आता त्या 'नो डिस्क'बद्दल. दुरुस्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि या दोन शब्दांनी जेवढे चांगले प्लेअर भंगारात घातले तेवढे विजेच्या झटक्यानेही घातले नसतील. प्लेअर म्हणतो 'डिस्क नाही'. त्याचा खरा अर्थ एवढाच की त्याला डिस्क दिसत नाही. डोळ्यावर धूळ बसली की माणसालाही दिसत नाही. या यंत्राचा डोळा म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी प्लॅस्टिकची लेन्स. तुम्ही पूर्व भागातून आलात असं लिहिलंय, तिथे आजूबाजूला यंत्रमाग असणारच. टॉवेलच्या मागांची सुताची धूळ हवेत तरंगत असते, ती नाकात जाते तशीच प्लेअरच्या ट्रेमधून आतही जाते. मी तिकडचे प्लेअर उघडले तेव्हा लेन्सवर पांढरट साय धरल्यासारखा थर असायचा. तो पुसला की निम्मे प्लेअर तिथल्या तिथे गायला लागत.

मेकॅनिककडे नेलंत तर कामाचा क्रम सांगूनच द्या. आधी लेन्स पुसायची. कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने सैल धूळ उडवायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावलेल्या कानकोरण्याच्या कापसाने, अगदी हलक्या हाताने. थुंकी नको, अत्तर नको, सदऱ्याचं टोकही नको. बाजारात बारीक ब्रश चिकटवलेली 'क्लीनर' सीडी मिळते, तिच्यावर माझा विश्वास नाही. लेन्स बारीक तारांवर तोललेली असते, तिच्यावर झाडू फिरवू नये. आणि घरी कोणी उघडून बघणार असेल तर यंत्र चालू ठेवून लेन्समध्ये डोकावू देऊ नका. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे इन्फ्रारेड असतो. तो डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून जास्त घातकी.

पुसून भागलं नाही तर पुढचा संशय ग्रीसवर. लेन्सचा गाडा ज्या दांड्यावरून सरकतो, त्यावरचं ग्रीस वर्षानुवर्षांत घट्ट होऊन चिकट गुळासारखं होतं. पहिली दोन गाणी नीट वाजून पुढे अडखळत असेल तर हेच कारण धरा. ट्रे अर्धी बाहेर येऊन थांबत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय, तो अगदी किरकोळीत होतो.

एवढं करून काही सीडी वाजल्या, काही नाही, तर घरीच एक परीक्षा घ्या. कंपनीची छापील सीडी वाजते, पण घरी कॉम्प्युटरवर लिहिलेली वाजत नाही, असं आहे का? असेल तर लेसर थकलाय. छापील सीडीवरून उजेड भरपूर परत फिरतो, लिहिलेल्या सीडीवरून थोडा कमी, आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून तर फारच कमी. म्हातारा लेसर आधी तिथेच हार मानतो. मग 'लेन्स बदला' म्हणायचं. आपल्याकडे अख्ख्या लेसरच्या जोडणीलाच लेन्स म्हणतात. काही जोडण्या अनेक कंपन्यांनी वापरल्या असल्यामुळे त्या अजून मिळतात. तुमच्या प्लेअरच्या जोडणीवर नंबर छापलेला असेल, तो लिहून घेऊन विचारायचं.

इथे मेकॅनिकला एक गोष्ट आठवण करून द्या, रागावला तरी चालेल. नवीन लेन्स येते तेव्हा तिच्या पट्टीवर बहुधा कथिलाचा एक बारीक थेंब मुद्दाम टाकलेला असतो. हाताच्या स्टॅटिक विजेने लेसर जळू नये म्हणून तो त्याची दोन टोकं जोडून ठेवतो. लेन्स बसवून रिबन (चपटी वायर) लावल्यावर तो थेंब काढावा लागतो. न काढता झाकण बसवलं की प्लेअर पुन्हा 'नो डिस्क'च म्हणतो, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, "नवी लेन्सपण खराब निघाली, आता नवीनच घ्या." मी स्वतः शिकाऊ असताना हे केलंय. ज्यांचा प्लेअर होता ते गृहस्थ निमूटपणे तो परत घेऊन गेले, आणि दोन दिवसांनी उस्तादांनी माझा कान धरून मला तो थेंब दाखवला.

आता यजमानांच्या आवाजाच्या मुद्द्याकडे. ते अर्धे बरोबर आहेत, पण त्यांनी नेमकी चुकीची अर्धी बाजू धरलीय. सीडी १९८२ साली बाजारात आली, त्याआधीच तिचं माप ठरलं होतं : सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा धरून दोन वाटा. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. चांगल्या स्थितीतली सीडी घातली तर तुमचा सीडी प्लेअर आणि साधा डीव्हीडी प्लेअर हेच आकडे तंतोतंत वाचतात. फरक पडतो तो या आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागात आणि त्यापुढच्या सर्किटात. तो भाग स्वस्त यंत्रात कंजूषपणे केलेला असू शकतो, हे खरं. पण दुकानात दोन प्लेअर लागोपाठ ऐकवतात तेव्हा ज्याचा आवाज किंचित मोठा असतो तो कानाला हटकून 'छान' वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. आवाज सारखा करून, कुठला वाजतोय ते न सांगता ऐकवा, मग यजमान पैज लावायला तयार होतात का बघा.

त्यांनी धरायला हवी होती ती बाजू वेगळीच आहे. मैफलीच्या सीडीवर एकच राग पुष्कळदा तीन-चार ट्रॅकमध्ये तोडलेला असतो : आलाप, विलंबित, द्रुत. सीडी प्लेअर ते सलग वाजवतो. अनेक डीव्हीडी आणि ब्लू-रे प्लेअर मात्र एक ट्रॅक संपला की क्षणभर श्वास घेतात, मग पुढचा सुरू करतात. तंबोऱ्याचा सूर मध्येच कापला जातो आणि परत येतो. सिनेगीतांना याचा काही फरक पडत नाही, मैफल मात्र तिथे मोडते. अण्णांच्या सीडींत मैफली आहेत म्हणता, तर वेगळ्या सीडी प्लेअरसाठी हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

चिरंजीवांचं 'सगळं त्यात चालतं' आता तपासू. ब्लू-रे प्लेअरला एकाच डोळ्याने तीन तऱ्हेच्या चकत्या वाचायच्या असतात. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर, डीव्हीडीला ६५० चा लाल, ब्लू-रेला ४०५ चा जांभळट निळा. आणि तिघींत मजकूर वेगवेगळ्या खोलीवर. सीडीत तो १.२ मिलिमीटर खाली, म्हणजे जवळजवळ छापील बाजूला टेकलेला. डीव्हीडीत ०.६ वर, बरोबर मध्ये. ब्लू-रेत वरच्या कातडीखाली ०.१ वर. (म्हणून सीडीच्या चकचकीत बाजूपेक्षा नावाच्या बाजूचा ओरखडा जास्त वाईट. अण्णा तिथे बॉलपेनने नंबर घालत असतील तर थांबवा.) एका डोक्यात हे सगळं बसवणं हे मोठं कसब आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक लेसर आधी थकतो, बाकीचे धडधाकट राहतात, आणि "डीव्हीडी चालते हो, सीडीच घेत नाही" अशी केस टेबलावर येते. मग संपूर्ण जोडणी बदला.

आणि मुलाच्या लक्षात न आलेली खरी गोम : तुमची नाटकं! व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेली सीडी, ही आपल्याकडची, आशियातली लाडकी. एका नाटकाच्या दोन किंवा तीन चकत्या, मध्यंतराला उठून बदलायच्या. पाश्चात्त्य देशांत ती फारशी रुजलीच नाही, त्यामुळे अनेक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी मुळी घेतच नाहीत. डब्यावर 'बीडी, डीव्हीडी, सीडी' लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की त्यात सगळं आलं. साधे डीव्हीडी प्लेअर बहुधा घेतात. नाटकांच्या तीसेक व्हीसीडी तुमच्याकडे, ब्लू-रे आठ. तीस सोडून आठांच्या मागे कोण लागेल? चित्राबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. तुमचा टीव्ही फोर-के असेल तर त्याला ३८४० गुणिले २१६० ठिपके भरायचे असतात, म्हणजे एका ठिपक्याचे ब्याऐंशीच्या आसपास करायचे. नटाचा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा दिसेल. टीव्हीपासून जरा लांब बसा. हुतात्मा स्मृती मंदिरात मागच्या रांगेतून पाहिलेल्या नाटकातही चेहरा कुठे नीट दिसायचा? संवाद ऐकू आले की पुरे.

त्या आठ ब्लू-रेंचंही एक लफडं आहे. त्या अमेरिकेतल्या. ब्लू-रेला ए, बी, सी असे विभाग असतात. अमेरिका 'ए'त, भारत 'सी'त. खोक्याच्या मागे षटकोनी चिन्हात नुसतं 'ए' असेल तर आपल्याकडच्या प्लेअरवर ती चालेलच असं नाही. तिन्ही अक्षरं असतील तर चिंता नाही. फोर-केच्या ब्लू-रेला विभागांची भानगड नाही, पण तिला प्लेअरही फोर-केचाच लागतो. आठही खोकी आधी उलटी करून बघा. चिरंजीव "मग माझा प्लेस्टेशन फाइव्ह आणतो" म्हणाले, तर डिस्कवाल्या मॉडेलवर ब्लू-रे जरूर बघा, पण अण्णांच्या सीडींना तिथे जागा नाही. ते यंत्र ऑडिओ सीडी वाजवत नाही, कितीही महाग असलं तरी.

ब्लू-रेत पैसे घालू नका म्हणण्यामागे आणखी एक हिशेब आहे. ओप्पोने २०१८ साली नवीन प्लेअर बनवणं थांबवलं. सीडीपासून ब्लू-रेपर्यंत सगळं एका पेटीत वाजवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारासाठी नवी मॉडेलं काढणं बंद केलं. दुकानं आवरायला लागली की सुट्या भागांचंही अवघड होतं. अशा वेळी ज्याची लेन्स गल्लीतला मेकॅनिक बदलू शकतो ते यंत्र मला जवळचं वाटतं.

सगळं एका पेटीत घालण्याचा माझा स्वतःचा अनुभवही ऐका, म्हणजे मी हे पुस्तकी बोलत नाही हे पटेल. बऱ्याच वर्षांपूर्वी हौसेने होम थिएटर घेतलं होतं. डीव्हीडी प्लेअर, ॲम्प्लिफायर, रेडिओ एकाच पेटीत, भोवती सहा स्पीकर. चार वर्षांत ट्रे अडकली. भाग मिळेना. आतला ॲम्प्लिफायर धडधाकट, स्पीकर धडधाकट, पण पेटीला बाहेरून गाणं घ्यायला एकही भोक नव्हतं. स्पीकरच्या पिनाही असल्या विचित्र की दुसऱ्या कशाला लागेनात. शेवटी सहाही स्पीकर भावजींच्या गच्चीवरच्या खोलीत गेले. आपले जुने टू-इन-वन यापेक्षा शहाणे होते. टेपचा पट्टा तुटला तरी रेडिओ सकाळच्या बातम्या द्यायचा. तुमच्याकडचा सुटा ॲम्प्लिफायर तसाच आहे, कडक भाकरीच्या जातीचा. त्याला सोडू नका, त्याच्या पुढे काय जोडायचं ते बदलत राहील.

जोडणी सोपी आहे. सीडी प्लेअरची लाल-पांढरी वायर ॲम्प्लिफायरच्या 'सीडी' लिहिलेल्या भोकांत. डीव्हीडी प्लेअरची एचडीएमआय टीव्हीला, आणि त्याचीच लाल-पांढरी 'ऑक्स' किंवा 'टेप'च्या भोकांत. 'फोनो' लिहिलेल्या भोकांत चुकूनही नको. ती जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसाठी असतात, तिथला अगदी क्षीण आवाज शेकडो पटींनी वाढवायला केलेली. प्लेअर तिथे लावला तर आवाज फाटून येईल आणि स्पीकरला धोका. मग टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवायचा आणि नाटकाचे संवाद मोठ्या स्पीकरवर ऐकायचे. ओठ आणि शब्द किंचित मागेपुढे वाटले तर टीव्हीत त्या एचडीएमआयपुरता 'गेम मोड' लावून बघा. नवीन टीव्ही चित्राला रंगरंगोटी करण्यात वेळ घालवतो, तो त्यात कमी होतो.

एक सापळा इथे आहे. दुकानदाराने लाल-पांढरी भोकं नसलेला, फक्त 'ऑप्टिकल' किंवा 'कोअॅक्सिअल' असं डिजिटल आवाजाचं भोक असलेला प्लेअर गळ्यात मारला आणि वर "हा छोटा कन्व्हर्टर लावा" म्हणाला, तर तो लावून गाणी वाजतील. पण डॉल्बी आवाजाची सिनेमाची डीव्हीडी लावली की नुसता खरखराट किंवा चिडीचूप. कन्व्हर्टर बिघडला म्हणून लोक तो परत करतात. त्यात बिघाड काही नसतो, त्याला डॉल्बी समजत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' करायचा, एवढंच.

आणि प्लेअर ठेवायचा कुठे? ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर तर नकोच, तो खालून भाजतो. काचेच्या दाराच्या बंद कपाटातही नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच चाळिशीच्या वर जातं, कपाटात काय होत असेल! वरून कापड टाकायची सवय असेल तर यंत्र बंद करून गार झाल्यावर टाका. सोलापुरात राहून चादर पांघरू नका म्हणणं जिवावर येतं, पण मी गरम ॲम्प्लिफायरच्या जाळीला चिकटलेली चादर पाहिलेली आहे.

प्लेअर दुरुस्त झालाच नाही तर? तरी डीव्हीडी प्लेअरच आधी घ्या, आणि महिनाभर सीडीही त्यावरच वाजवा. पुढच्या बाजूला ट्रॅकचा आकडा दाखवणारी पट्टी असलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. सीडी आत गेली की बहुतेक प्लेअर पहिल्या ट्रॅकपासून आपोआप सुरू होतात, टीव्ही न लावता. अण्णांचं तेवढ्यावर भागलं तर प्रश्न मिटला, चिरंजीवांचं 'एकच घ्या' खरं ठरलं म्हणायचं. नाही भागलं तर उरलेल्या पैशांत वेगळा सीडी प्लेअर. डीव्हीडी प्लेअर काही वाया जात नाही, तो नाटकांपाशी राहतो.

यजमानांना एक काम द्या, आवाजाचे एवढे जाणकार आहेत तर. अण्णांच्या सीडींत घरी लिहिलेल्या किती, त्या वेगळ्या काढा. देवळातलं कीर्तन, कोणाच्या घरचं भजन, लग्नातली सनई. छापील सीडी चुकून गेली तर दुसरी मिळू शकते, ही मिळणार नाही. अशा सीडीत मजकूर रसायनाच्या रंगात लिहिलेला असतो, तो उन्हाने आणि उकाड्याने उडतो. त्या आधी कॉम्प्युटरवर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. हे काम प्लेअर घेण्याच्याही आधी.

मग नवी पेठेत खरेदीला जाल तेव्हा पिशवीत तीन चकत्या टाका : मैफलीची एक सीडी, नाटकाची एक व्हीसीडी, आणि घरी लिहिलेली एखादी. तिन्ही दुकानातच लावून बघा, नुसतं "चालतं हो ताई"वर पैसे देऊ नका. मैफलीच्या सीडीत दोन ट्रॅकमधला सांधा ऐका. अण्णांना बरोबर न्या, बसायला स्टूल मागून घ्या. मग दुकानदाराला टीव्ही बंद करायला सांगा आणि रिमोट अण्णांच्या हातात द्या.